सर्व्हिस किती झाली तुमची?

आमच्या वयाची माणसं लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर भेटली की चार वाक्यांच्या आत हा प्रश्न येतोच. कुणाची एसटीत तेहतीस वर्षं झालेली असतात, कुणाची जिल्हा परिषदेत एकतीस, कुणी बँकेतून रिटायर झालेलं असतं. आकडा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं आणि ते दिसायलाच हवं, आयुष्य घातलंय त्यांनी त्यात. माझ्याकडे असा एक आकडा नाही. मी इचलकरंजीत कांड्या भरल्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, टायपिंग क्लासमध्ये शिकवलं, सरकारी कचेरीत कारकुनी केली, सासरच्या गावी महिला दूध संस्थेत फॅट काढलं, सांगलीत एसटीडी बूथ सांभाळला, डीटीपी केलं, सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडल्या, पोस्टाच्या आरडीचे हप्ते दारोदार फिरून गोळा केले, हॉस्पिटलच्या काउंटरवर मेडिक्लेमचे कागद भरले. आता साठी उलटल्यावर एका सेवा केंद्रात बसते, लोकांचे दाखले आणि पेन्शनची कामं करते.

"एका जागी टिकली नाही कधी," असं माझ्याबद्दल नात्यात बोललं जातं. प्रेमानेच बोलतात, पण बोलतात. मला ते कधी पटलं नाही. यातली निम्मी कामं मी सोडलेलीच नाहीत. ती कामंच संपली, आणि मी दुसरं शोधलं. उरलेली सुटली ती लेकरं, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली यापायी. ज्या घरात अशी कारणं घडली नसतील असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, आणि माझ्या लहानपणापर्यंत अख्खं गाव मागांच्या आवाजावर जगत होतं. माग बंद पडले की आम्हाला झोप लागायची नाही. वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आई कांड्या भरायची. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती कांडी, तिच्यावर आडवं सूत गुंडाळायचं. पैसे कांड्यांवर मिळायचे, तासावर नाही. शाळा सुटली की मी आईच्या शेजारी बसायचे. कांडी सैल भरली गेली तर धोट्यात सूत एकदम घसरतं, कापड बिघडतं, आणि विणणाऱ्याची मजुरी कापली जाते. आई म्हणायची, "तुझी कांडी दुसऱ्याच्या पगारात जाते, नीट भर." ती कांडी कुणी भरली हे विणकराला कळायचंही नाही. तरी आई अंगठ्याने दाबून प्रत्येक कांडी तपासायची. त्या कामाला कुणी नोकरी म्हणत नव्हतं, हजेरीपटावर माझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पण काम कसं करायचं हे मी पहिल्यांदा तिथं शिकले, म्हणून माझी यादी कांडीपासूनच सुरू होते.

दहावीनंतर छापखाना. लाकडी केसमध्ये कितीतरी खण असायचे, एकेका खणात एकेक खिळा, काने-मात्रा वेगळ्या, जोडाक्षरांचे खिळे वेगळे. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने खिळे उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे महिन्याभरात उलटं वाचता यायला लागलं, आणि ते अजून येतं. समोरच्याच्या हातातला कागद मी टेबलाच्या अलीकडून सरळ वाचल्यासारखा वाचते, त्याचा काउंटरवर फार उपयोग होतो. छपाई झाली की जुळवलेल्या ओळींचा फर्मा रॉकेलने धुवायचा आणि प्रत्येक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. मला हे काम जुळवण्यापेक्षाही आवडायचं. एक 'घ' जर 'ध'च्या खणात पडला, तर चार दिवसांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत तो निघणार, आणि तोवर कुणी टाकला हे कुणालाच सांगता येणार नाही.

सोबत टायपिंग चालू होतं. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग चाळीस. मिनिटाला एवढे शब्द, अशी ती सरकारी परीक्षा. माझ्या पिढीच्या मुलींना विचारा, तिची तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेइतकी लक्षात असेल. पास झाले तशी त्याच क्लासमध्ये शिकवायला राहिले आणि रोजगार विनिमय केंद्रात नाव घातलं. कार्डाचं नूतनीकरण करत राहायचं आणि कॉल यायची वाट बघायची. कॉल आला, कचेरीत लागलेही. ऑर्डर एकोणतीस दिवसांची.

ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांना एकोणतीस दिवसांचा अर्थ कळणार नाही. महिना पूर्ण होऊ द्यायचा नाही, म्हणजे सलग सेवा मोजली जाणार नाही. एक दिवस घरी बसायचं, मग नवी ऑर्डर, पुन्हा एकोणतीस दिवस. खुर्ची तीच, मशीन तेच, साहेब तेच. मी स्टेन्सिल कापायचे. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणकट कागदावर अक्षरं ठोकायची, चूक झाली तर गुलाबी द्राव लावायचा, तो वाळेपर्यंत फुंकर घालायची आणि वर पुन्हा ठोकायचं. गोल, बंद पोटाची अक्षरं जोरात ठोकली तर कागदाचा तुकडाच निघून यायचा, म्हणून प्रत्येक कळीला वेगळा जोर. ते सगळं हात सांभाळायचे. त्या स्टेन्सिलवरून निघालेली परिपत्रकं तालुकाभर गेली. पण माझ्या नावावर त्या कचेरीत मोजता येईल अशी सेवा नाही.

कारखान्यांत हाच हिशेब २४० दिवसांचा असतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा सलग धरली जायची आणि त्याला काही संरक्षण मिळायचं. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. भोसरी, चाकण, मिरज-कुपवाड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, चाळिशीतला असा माणूस भेटेल ज्याने दर सात महिन्यांनी नवी कंपनी बघितली आहे. लेथ, प्रेस, पेंट शॉप, पॅकिंग, सगळं येतं त्याला. आणि लग्नाच्या बैठकीत त्याच्याबद्दल विचारतात, मुलगा एका ठिकाणी का राहत नाही? तो राहत नाही की त्याला राहू दिलं जात नाही, एवढं तरी विचारणाऱ्याने आधी विचारावं असं मला फार वाटतं.

लग्न होऊन तासगाव तालुक्यात आले. हा रोजगार हमीचा मुलूख. १९६५ साली याच तालुक्यातल्या विसापूरला विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तो प्रयोग झाला, पुढे १९७७ला त्याचा कायदा झाला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका आमच्या गल्लीत होत्या. "सुकडी खाऊन खडी फोडली," असं सांगायच्या. त्याच बायकांनी पुढे महिला दूध संस्था काढली, आणि लिहिता-वाचता येणारी सून म्हणून मला फॅट काढायला बसवलं.

पिशवीतलं दूध घेणाऱ्यांना फॅट कसं काढतात हे माहीत नसतं, म्हणून सांगते. लांब मानेची काचेची नळी असते, ब्युटायरोमीटर. तिच्यात आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल घ्यायचं. त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, नळीच्या अंगावरून सावकाश ओघळू द्यायचं, धसकन ओतलं तर तिथंच उसळून करपतं. वर १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. रबरी बूच घट्ट बसवायचं, जाड फडक्यात गुंडाळून नळी हलवायची. आतलं दूध तपकिरी होतं, मग काळपट, आणि फडक्यातूनही चटका बसावा इतकी नळी तापते. मग ती यंत्रात घालून चार-पाच मिनिटं गरगर फिरवायची, पुढे ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायची. शेवटी मानेतल्या रेघांवर पिवळसर, स्वच्छ असा स्निग्धांशाचा थर उभा राहतो. तो थर वाचायचा. म्हशीचं ६.०, गाईचं ३.५ ही किमान फॅट, सोबत लॅक्टोमीटरची डिग्री बघून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग. रेघ एक इकडे-तिकडे झाली की लिटरमागे दर बदलतो. ॲसिडचे थेंब उडून माझ्या सगळ्या घरच्या साड्यांना भोकं पडली होती.

पहाटे रांगेत उभी असलेली बाई त्या रेघेकडे कशी बघते हे मी विसरूच शकत नाही. तिला अक्षर येत नसेल, पण आधीच्या संस्थेत आपलं फॅट कमी लावलं जायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका आजीचं ५.६ लागलं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. मी नळी तिच्या डोळ्यांच्या पातळीत धरली आणि बोटाने एकेक रेघ मोजून दाखवली. तिने स्वतः परत मोजली. मग म्हणाली, "आता बराबर. म्हशीला पेंड कमी पडलीया." दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकीला नळी दाखवू लागले. रांग लांबायची, टँकरवाला हॉर्न मारायचा, सेक्रेटरी बाई ओरडायच्या. तरी दाखवायचे. दर दहा दिवसांनी बिल व्हायचं आणि पैसे बाईच्या हातात पडायचे. माझ्या सगळ्या कामांत मला कुठलं सर्वांत जवळचं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पुढे दूध ओतताच आकडा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक मशीन आली. काम सोपं झालं, ॲसिड गेलं, ते चांगलंच झालं.

सांगलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली झाले होते. रात्री अकरानंतर पाव दर, त्यामुळे खरी गर्दी रात्रीच. काचेच्या दाराआड लोक रडायचे, भांडायचे, सोयरिकी जुळवायचे, आणि आपण मीटरकडे बघत ऐकू येत नसल्यासारखं बसायचं. मोबाइल आला आणि हे काम बघता बघता गेलं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डीटीपीत मात्र वेगळंच झालं. छापखान्यांतली ट्रेडल यंत्रं भंगारात जायला लागली तसे श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर चालवणारे लोक हवे होते. फाँटचा कीबोर्ड टाइपरायटरच्याच पद्धतीने लावता यायचा. मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसले आणि बोटं आपोआप चालली. दुकानाच्या मालकाला वाटलं बाईंनी कोर्स केलाय. आणि पत्रिकेत दोन ओळींमधली जागा किती सोडायची, नाव कुठे तोडायचं नाही, हे खिळे जुळवताना शिकलेलं होतं. ते सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात पहिल्यांदा माझा पीएफ कापला गेला. पगाराच्या चिठ्ठीवर ती वजावट बघून नवऱ्याला आधी पगार कमी वाटला आणि मला उलट हुरूप आला. आता आपण कुठेतरी लिहिले गेलो. गिरणीत इतरांच्या हजेऱ्या मांडता मांडता कळत गेलं की माणसाची सेवा कागदावर कशी बनते आणि कशी तुटते. ग्रॅच्युइटीच्या १९७२च्या कायद्याप्रमाणे एका मालकाकडे सलग पाच वर्षं लागायची. चार वर्षं काढून बाळंतपणात सोडणाऱ्या मुलीला काही नाही. तिने आयुष्यात चार ठिकाणी चार-चार वर्षं काढली तरी काही नाही. सोळा वर्षं काम केलेल्या बाईच्या हातात शून्य, आणि कायद्यात सगळं बरोबर. आता २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी धरली आहे. आमच्या मुलींच्या कामी येवो. अंमल होईल तेव्हा खरं, पण कागदावर तरी तुकड्यातली वर्षं कुणीतरी मोजायला घेतली.

ती गिरणी पुढे बंद पडली. मधली काही वर्षं मी पोस्टाची एजंट होते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना, पाच वर्षांची आरडी, एजंट बायकाच, कमिशन चार टक्के. सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा हेच एक काम असं होतं की त्यांना औषध देऊन दोन तास बाहेर पडता यायचं. मग हॉस्पिटल. तिथल्या काउंटरने मला शिकवलं की घाबरलेल्या माणसाला फॉर्म एका वेळी एकच ओळ सांगायचा असतो.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा पीएफ, पण नवा नंबर. यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ नंबर, २०१४मध्ये आला, त्याआधी प्रत्येक नोकरीचं खातं वेगळं आणि नोकरी सुटली की लोक पैसे काढून मोकळे व्हायचे. मी गिरणी सुटल्यावर पेन्शनचा भाग काढला नव्हता, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतलं होतं. टाइम ऑफिसात बसल्याचा एवढा फायदा. १९९५च्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची सेवा लागते, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ भरली तरी चालतं. आणि ही दहा वर्षं एकाच मालकाकडची लागत नाहीत. या सगळ्या यंत्रणेत मला सापडलेली ही एकच जागा, जिथं दोन ठिकाणचं आयुष्य एकमेकांत मिळवता येतं. गिरणीची आणि हॉस्पिटलची वर्षं मिळून माझी पेन्शन बसली. रक्कम मोठी नाही. २०१४पासून किमान पेन्शन १००० रुपये आहे, माझी त्याहून थोडी जास्त. पण पेन्शनचा आदेश हातात आला त्या दिवशी मी तो देवापुढे ठेवला.

म्हणून सेवा केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, याआधी कुठे कुठे होता? लोक शेवटची नोकरी सांगतात. बाकीच्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत त्यांना. खोदून विचारावं लागतं. पगारातून काही कापायचे का, चिठ्ठी मिळायची का, सोबतच्या कुणाला पेन्शन लागली का. पेन्शनीचा भाग काढू नका, सर्टिफिकेट घ्या, हे मी दिवसातून कितीदा सांगत असेन. आणि स्क्रीन कायम समोरच्याकडे वळवून ठेवते. नाव, तारीख, रक्कम, त्याने स्वतः वाचायची किंवा मी बोट ठेवून वाचून दाखवायची.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते. अंगठा मशीनवर ठेवला की कितीतरी जणांचा जुळतच नाही. बांधकामावर, भट्टीवर, सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये काम केलेल्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. फडक्याने पुसा, दुसरं बोट ठेवा, असं करत बसायचो. २०२१पासून चेहरा दाखवून दाखला काढायची सोय झाली, तेव्हापासून जरा बरं आहे. पण राबून बोटं गुळगुळीत झालेल्या माणसाला, तू तोच कशावरून, असं विचारायची वेळ यावी, याचा मला प्रत्येक वेळी त्रास होतो.

सध्या एका बाईचं प्रकरण हातात आहे. पन्नाशी उलटलेली. सूतगिरणी, मग एक फूड प्रोसेसिंगचा कारखाना, मग कंत्राटदाराकडे हाउसकीपिंग. तीन पीएफ खाती, तिन्हींत नावाचं स्पेलिंग वेगळं, एकात माहेरचं आडनाव. तिन्ही जोडली तर दहा वर्षं भरतात, एकही सुटलं तर नाही. तिच्या या जुन्या खात्यांत नावं एक करायला मालकाची सही मागतात, आणि गिरणीला आता मालक नाही, अवसायक आहे, म्हणजे बंद गिरणीचा हिशेब मिटवायला नेमलेला माणूस. त्याच्या नावे अर्ज मी टाइप करून दिला. अर्ज करता करता तिला म्हटलं, सगळीच कामं सांग, कापून घेत नव्हते तीसुद्धा. ती हसली, "त्याचं काय करायचं ताई, ते कुठे मोजतात." म्हटलं, सांग तर. द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, चार गावांत डबे, एका बाळंतिणीकडे सव्वा महिना, भाजीचा हातगाडा. पोर्टलवर यासाठी रकाना नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहून घेते आहे. यादी अजून पूर्ण झालेली नाही. बेदाण्याच्या शेडवर कुठल्या साली होतो ते तिला नीट आठवत नाही, थोरल्या बहिणीला फोनवर विचारून सांगते म्हणाली.